रिकामी बॅग घेऊन जा: स्टॉकहोम, कोपनहेगन आणि ऑस्लोत कपडे कसे घ्यावेत

चिंचवडहून स्वीडनमधल्या गोथेनबर्गला निघाले तेव्हा माझ्या बॅगेत दोन जाडजूड जॅकेटं होती. पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात विक्रेत्याने "मॅडम, मायनस टेनला डोळे झाकून घाला" म्हणून गळ्यात मारलेली. ऑक्टोबरअखेरीस गोथेनबर्गला मायनस टेन नव्हतंच. होतं सहा अंश, आणि आडवा पाऊस. तिथला पाऊस वरून पडत नाही, समुद्राकडून चालत येतो आणि बाहीतून आत शिरतो. ट्रामच्या थांब्यावर वीस मिनिटं उभी राहिले आणि जॅकेटाची ओली गोधडी झाली. पुढचे चार दिवस ती न्हाणीघरात निथळत होती.

गोथेनबर्ग हे एसकेएफ या बेअरिंग बनवणाऱ्या कंपनीचं मूळ गाव आणि कंपनीचा कारखाना चिंचवडला, त्यामुळे आमच्याकडून तिकडे जाणाऱ्यांची रीघ जुनी आहे. शिकायला जाणारी मुलंही दरवर्षी वाढतायत. सगळे एकच प्रश्न विचारतात: "ताई, इथून काय घेऊ?" माझं उत्तर असतं, शक्य तितकं कमी. त्यांना फोनवर पुन्हापुन्हा सांगितलेलं एकदाचं सविस्तर लिहून काढते.

निघण्याआधी: काय न्यायचं, काय तिकडे घ्यायचं

सुती आतले कपडे, सुती शर्ट-कुर्ते, ऑफिसच्या पँटी, एखादी साडी, रोजचे चष्मे हे सगळं इथूनच न्या. पँट, ब्लाउज, सदरा जे काही मापात करून घ्यायचं असेल ते इथल्या शिंप्याकडून करूनच निघा. तिकडे पँटची नुसती उंची कमी करायला जे पैसे पडतात त्यात आपल्याकडे नवी पँट शिवून होते. एक सुईदोऱ्याची डबीही टाका, तिची किंमत तिकडे गेल्यावर कळते.

तीन गोष्टी मात्र तिकडेच घ्यायच्या: अंगालगतची लोकर, वाऱ्यापावसाचं बाहेरचं जॅकेट आणि बूट. या तिन्ही वस्तू तिथल्या हवेसाठी तिथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून बनवलेल्या आहेत. नॉर्वेतली हेली हॅन्सन ही कंपनी १८७७ साली एका जहाजाच्या कप्तानाने मॉस गावात सुरू केली, खलाशांच्या तेल लावलेल्या कापडी कपड्यांपासून. देवोल्ड त्याहून जुनी, १८५३ची. मच्छीमारांच्या लोकरी स्वेटरवर उभी राहिलेली. अशा ठिकाणी जाताना पुण्याहून जॅकेट नेणं म्हणजे रत्नागिरीला जाताना आंबे घेऊन जाण्यासारखं आहे.

पहिल्या आठवड्यापुरता एक स्वेटर आणि एखादी साधी वाऱ्याची जर्किन पुरते. ऑगस्टमध्ये पोचणाऱ्या विद्यार्थ्यांना तर तेवढंही लागत नाही.

कुठल्या शहरात काय

तिन्ही देशांच्या चलनाला आपण 'क्रोनर' म्हणतो आणि तिथेच फसतो. स्वीडनचा आणि नॉर्वेचा क्रोन आसपासचे असतात, डेन्मार्कचा मात्र साधारण दीडपट भारी. कोपनहेगनमध्ये ४०० लिहिलेलं दिसलं की स्टॉकहोमच्या हिशेबात ते ६०० समजायचं. नॉर्वेचे लोक तर सीमेपलीकडे स्वीडनला मुद्दाम गाडी घेऊन खरेदीला जातात. या प्रकाराला ते थट्टेने 'हॅरीहांदेल' म्हणतात, म्हणजे गावंढळ खरेदी, आणि तरीही जातात. तेव्हा तिन्ही शहरं फिरणार असाल तर साधे, रोजचे, जास्त संख्येने लागणारे कपडे स्वीडनमध्ये घ्या.

*स्टॉकहोम.* मध्यवर्ती स्टेशनातून बाहेर पडलात की द्रॉटनिंगगातान हा गाड्यांना बंदी असलेला लांबलचक रस्ता लागतो. सगळ्या साखळी दुकानांची गर्दी इथेच. त्याच्या कोपऱ्यावर ओलेन्स हे मोठं दुकान आहे. थोडं पुढे हामनगातानवर १९१५ साली उघडलेलं एनके, गच्चीवर फिरतं घड्याळ असलेलं. एनकेत खरेदी नाही केली तरी चालेल, पण आतला उंच चौक बघून या. उंची ब्रँड हवे असतील तर बिब्लियोटेक्सगातान आणि नोर्मालम्सतोर्ग चौक. याच चौकातल्या बँकेवर १९७३ साली दरोडा पडला, ओलीस ठेवलेल्यांना दरोडेखोरांचाच पुळका आला आणि 'स्टॉकहोम सिंड्रोम' हा शब्द जगाला मिळाला. तिथल्या किमती बघून तोच सिंड्रोम गिऱ्हाइकालाही जडतो.

माझं मन मात्र सोडरमाल्म बेटावर रमतं. योतगातानचा चढ, पुढे फोल्कुंगागातानच्या दक्षिणेचा 'सोफो' म्हणवला जाणारा भाग. छोटी दुकानं, जुन्या कपड्यांची दुकानं, मधूनमधून कॉफी. अर्धा दिवस सहज जातो.

एच अँड एम तिकडे जाऊन घेऊ नका. १९४७ साली वेस्तेरोस गावात 'हेनेस' म्हणजे 'तिचं' या नावाने बायकांच्या कपड्यांचं दुकान म्हणून ते सुरू झालं. १९६८ साली शिकारीचं सामान विकणारं माउरित्स विडफोर्स हे दुकान विकत घेतल्यावर पुरुषांचे कपडेही आले आणि नावात 'एम' आला. ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण त्यांचा बहुतेक माल आपल्याकडच्या मॉलमध्ये मिळतो. त्याच घरातले आर्केट आणि कॉस बघा. कापड बरं, शिवण बरी आणि सेलमध्ये किंमतही आवाक्यात येते.

*गोथेनबर्ग,* स्थानिक उच्चारात योतेबोरी. स्टेशनसमोर नूर्डस्तान हा १९७२पासूनचा बंदिस्त बाजार, पाऊस लागला की सगळं गाव तिथे. नुडी जीन्स ही इथलीच, २००१ची. त्यांच्या दुकानात तुमची त्यांचीच जीन्स फाटली तर फुकट शिवून देतात, कितीही वेळा. जीन्स महाग आहे, पण मी घेतलेली एक तीनदा शिवून झाली आणि अजून चालू आहे. हिशेब ज्याचा त्याने करावा.

गाडी असेल तर दक्षिणेला उल्लारेड नावाचं चिमुकलं गाव आहे. तिथे १९६३ साली निघालेलं गेकोस हे अवाढव्य सवलतीचं दुकान आहे. लोक कॅराव्हॅन घेऊन मुक्कामाला येतात, सकाळी दारात रांग लावतात. मोजे, मुलांचे कपडे, चादरी ढिगाने आणि स्वस्त. आयुष्यात एकदा जावं. दुसऱ्यांदा मी गेले नाही.

*कोपनहेगन.* स्ट्रॉयेट हा रस्ता १९६२ साली गाड्यांना बंद केला तेव्हा व्यापाऱ्यांनी धंदा बुडेल म्हणून बोंब मारली होती. आता रथयात्रेसारखी गर्दी असते. टाउन हॉलच्या टोकाकडची पहिली काही मिनिटं स्मरणवस्तू आणि आइस्क्रीम यांची, ती सरळ चालून पार करा. आमायेरतोर्व चौकापासून पुढे खरं कोपनहेगन सुरू होतं: इलुम, आणि शेवटी कोंगेन्स न्यूतोर्वला मॅगासिन. पण डॅनिश फॅशन ज्याला म्हणतात, म्हणजे गानी, साम्सो साम्सो, वुड वुड, बाउम उंड फेर्डगार्टन, ती बघायला स्ट्रॉयेट सोडून आजूबाजूच्या पिलेस्ट्रेडे, क्रोनप्रिन्सेन्सगाद या गल्ल्यांत शिरा. नॉरेब्रो भागातली येगर्सबोरगाद ही छोट्या कारागिरांची गल्ली.

रंगाची आवड असेल तर डेन्मार्कच. स्वीडिश माणूस काळा, करडा, गडद निळा यापलीकडे सहसा जात नाही. डॅनिश बाई पोपटी कोटाखाली केशरी मोजे घालून सायकलवर निघते. आपल्या पैठणीवर पोसलेल्या डोळ्यांना तेवढाच दिलासा. रेन्स या आऱ्हुसच्या कंपनीचे रेनकोटही इथलेच, दिसायला सुंदर. मात्र ते मुळात रबरी कातड्यासारखे, आत हवा खेळत नाही. जोरात चाललात तर बाहेरून कोरडे आणि आतून भिजलेले.

ब्रँडवाल्या डॅनिश कंपन्या उरलेला माल आणि नमुन्याचे कपडे 'लागरसाल्ग' नावाने काही दिवस गोदामात विकतात. नमुने बहुधा बारीक मापाचे असतात. तुम्ही ३६ मापाच्या असाल तर तुमचं नशीब उघडलं.

*ऑस्लो.* कार्ल योहान रस्ता पर्यटकांचा. स्थानिक लोक बुगस्टाद्वेइएनला जातात, तरुण मंडळी ग्रुनरलोक्काला. इथे घ्यायची वस्तू एकच, लोकर. नोरोना, देवोल्ड, डाले ऑफ नॉर्वे, हेली हॅन्सन. नव्या वस्तूंच्या किमती पोटात गोळा आणतात, म्हणून ऑस्लोचा खरा रस्ता पुढे जुन्या कपड्यांच्या भागात सांगते.

दारावरची पाटी वाचायला शिका

दुकानाच्या काचेवर नुसतं '१०–१९ (१०–१७)' लिहिलेलं असतं. कंसाबाहेरची वेळ सोमवार ते शुक्रवारची, कंसातली शनिवारची. रविवारी उघडं असेल तर ते वेगळं लिहितात. नॉर्वेत बहुतेक ठिकाणी लिहायचा प्रश्नच येत नाही, कारण रविवारी दुकानं बंद ठेवण्याचा कायदाच आहे. छोटी किराणा दुकानं, पर्यटनाची गावं आणि नाताळाआधीचे काही रविवार एवढेच अपवाद. शनिवारी रात्री ऑस्लोत उतरून सोमवारी सकाळी निघणाऱ्या एका ओळखीच्या जोडप्याने खरेदीची यादी तशीच परत आणली. स्वीडनमध्ये रविवारी उघडं असतं, डेन्मार्कमध्येही २०१२पासून सणवार सोडले तर उघडं, फक्त लवकर बंद. सात वाजता जेवून मग निवांत बाजारात जाऊ हा आपला बेत तिन्हीकडे फसतो.

दुकानात कोणी "या ताई, काय दाखवू" म्हणणार नाही. लक्ष्मी रोडला गादीवर बसून चाळीस साड्या उलगडून घेणाऱ्या आपल्याला हे फार थंड वाटतं. तो उद्धटपणा नव्हे, तुम्हाला मोकळं सोडण्याची रीत आहे. आत शिरताना 'हेय' म्हणायचं, मदत हवी तर स्वतः विचारायचं. सर-मॅडमही नाही. स्वीडनमध्ये सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. काउंटरवर गर्दी दिसली तर आधी भिंतीवर नंबराची चिठ्ठी देणारं यंत्र शोधा. नंबर न घेता उभ्या राहिलात तर तासभर उभ्याच राहाल आणि कोणी काही बोलणारही नाही.

थोडे शब्द पाठ करा. 'रेआ' (स्वीडन), 'उडसाल्ग' (डेन्मार्क), 'साल्ग' (नॉर्वे) म्हणजे सेल. 'प्रूव्हरूम' किंवा 'प्रोवरुम' म्हणजे घालून बघायची खोली. 'क्विट्टो' म्हणजे पावती. आणि स्वीडिश दुकानात पहिल्या मजल्यावर 'दाम' अशी पाटी दिसली की किंमत शोधत बसू नका. 'दाम' म्हणजे बायका. मी पहिल्या दिवशी शोधली होती.

पैसे कसे द्यायचे

व्हिसा किंवा मास्टरकार्ड, चिप आणि पिन असलेलं, आणि बँकेच्या ॲपमध्ये परदेशातला वापर सुरू केलेला. घरून निघण्यापूर्वी पिन आठवतोय याची खात्री करा. स्वीडनमध्ये रोख नाकारण्याचा दुकानदाराला अधिकार आहे आणि बरेच जण तो वापरतात, नोटांचं बंडल नेऊन उपयोग नाही. डेन्मार्कमध्ये माणूस बसलेल्या दुकानाने दिवसा रोख घ्यावी असा नियम आहे. नॉर्वेतही १ ऑक्टोबर २०२४पासून रोखीचा हक्क कायद्याने पक्का केला.

कार्डाच्या यंत्रावर "रुपयांत देणार की क्रोनांत?" असं आलं तर नेहमी क्रोन निवडा. रुपये निवडले की ते यंत्र स्वतःचा महाग दर लावतं. आपल्याला रुपयाचा आकडा ओळखीचा वाटतो, तिथेच गोम आहे.

पर्यटकाची खरी अडचण मात्र जुन्या वस्तूंच्या बाजारात येते. स्वीडिश लोक फोनवरच्या 'स्विश'ने पैसे घेतात, आणि स्विशला तिथलं बँक खातं आणि ओळख क्रमांक लागतो. तेव्हा ओळखीच्या एखाद्या रहिवाशाला सोबत न्या, त्याने स्विश करावं, तुम्ही त्याला हॉटेलात जेवू घाला.

मापं आणि लेबलं

मापाची चिठ्ठी बघून घेऊ नका, घालूनच बघा. तिकडचे लोक उंच, त्यामुळे कमरेत बसलेली पँट पायात लोळते आणि बाह्या बोटांवर येतात. मराठी उंचीच्या बायकांना मोठ्या मुलींच्या विभागात जॅकेटं फार छान मिळतात, तीही कमी किमतीत. लाजू नका, मी चार वर्षं १५८ मापाचं मुलीचं जॅकेट घातलं.

मुलांची मापं तर डोळे मिटून घ्यावीत इतकी सोपी आहेत. आकडा म्हणजे सरळ मुलाची उंची सेंटीमीटरमध्ये: ९८, १०४, ११०, ११६. वय विचारायचं नाही. मूल भिंतीला उभं करून पेन्सिलने खूण करा, टेपने मोजा, एक माप वरचं घ्या. बालवाडीत मुलं पावसात, चिखलात, बर्फात रोज बाहेर खेळतात, म्हणून पावसाळी पँट, थंडीचा एकसंध सूट आणि रबरी बूट या तीन गोष्टी शाळा सांगायच्या आधीच लागतात. या तिन्ही जुन्या, म्हणजे कोणी वापरलेल्याच घ्याव्यात. मूल सहा महिन्यांत वाढतं आणि वस्तू वर्षानुवर्षं टिकते.

आता जॅकेटाचं लेबल. इथे नीट लक्ष द्या, माझं सगळं नुकसान इथेच झालं. स्वीडिशमध्ये 'वाटनटेट' म्हणजे पाणी आत येणार नाही. 'वाटनअव्हीसांदे' म्हणजे पाणी थोडा वेळ ओघळून जाईल, मग भिजेल. दुकानदार दोन्हींना आनंदाने 'पावसाचं' म्हणतो. दुसऱ्या प्रकारचं जॅकेट स्टॉकहोमच्या कोरड्या बर्फात चालतं. गोथेनबर्ग, कोपनहेगन किंवा नॉर्वेतल्या बर्गनच्या पावसात नाही. पहिल्या प्रकारावर आकडाही असतो, उदाहरणार्थ १०,००० मिलिमीटर. म्हणजे कापड तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसतं. शहरात सायकल चालवायला तेवढं पुरेसं आहे. शिवणी आतून पट्टी लावून बंद केल्यात का तेही उलटून बघा.

लोकरीसाठी 'उल' (डॅनिशमध्ये 'उल्ड') हा शब्द शोधा आणि टक्का बघा. '१००% मेरिनो उल' लिहिलेला बारीक विणीचा लांब बाह्यांचा शर्ट आणि तशीच पायजमा-पँट, असे दोन जोड घ्या. वजन दर चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या आसपास असलं की हिवाळा निघतो. अंगाला टोचेल ही भीती सोडा, मेरिनो टोचत नाही. सुती बनियन आतून घालायची आपली सवय इथे घात करते. घाम सुतात अडकतो आणि माणूस आतून गारठतो. क्रम असा: अंगाला लोकर, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारं पातळ कवच. एकच जाड जॅकेट घेण्यापेक्षा हे तीन थर उपयोगी, कारण आत सगळीकडे हीटर असतात आणि दर दहा मिनिटांनी सोलावं लागतं. लोकर रोज धुवायची नसते, रात्री गॅलरीत टांगायची. आमच्या सासूबाईंना हे शेवटपर्यंत पटलं नाही.

बूट अर्धं माप मोठे घ्या, लोकरी मोजा बसला पाहिजे. जानेवारीत रस्त्यावर बर्फाची काच होते, तेव्हा बुटाखाली अडकवायचे खिळे मिळतात, स्वीडिशमध्ये 'ब्रॉडार'. स्वस्त असतात, हाड मोडण्यापेक्षा फारच. सोबत एक चमकणारी पट्टी बाहीला लावायला. दुपारी साडेतीनला अंधार पडतो आणि काळ्या जॅकेटातली बाई गाडीवाल्याला दिसत नाही.

जाता जाता: ती चौकोनी, कोल्ह्याचं चित्र असलेली पाठपिशवी सगळीकडे दिसेल. फ्येलरेव्हेन कंपनीची 'कोंकेन', १९७८ साली शाळकरी मुलांच्या पाठीचा त्रास कमी व्हावा म्हणून काढलेली. नावाचा आणि आपल्या कोकणाचा संबंध नाही, 'कोंका' म्हणजे ओझं वाहणं. ती स्वीडनमध्येच घ्या, आणि सेलमध्ये जुन्या रंगाची.

जुने कपडे: आधी इथे जा, मग नव्या दुकानात

आपल्याकडे दुसऱ्याचा उतरलेला कपडा म्हटलं की कपाळाला आठी पडते. बोहारणीकडे देतो, तिच्याकडून घेत नाही. तिकडे डॉक्टर, प्राध्यापक, शाळकरी पोरं सगळे जुन्या दुकानात दिसतात आणि "हा कोट जुना घेतला" हे कौतुकाने सांगतात. ही आठी जितक्या लवकर उतरवाल तितके पैसे वाचतील. माझं ते १५८ मापाचं जॅकेट ४०० क्रोनांचं, आतून अक्षरशः नवीन.

स्वीडनमध्ये सॅल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेचं 'म्यूरूर्ना' म्हणजे 'मुंग्या', शहरोशहरी. स्टॉकहोममध्ये शहर मिशन या सेवासंस्थेची दुकानं, योतगातानला एम्माउस हे तसंच दुकान. रविवारी होतोर्गेट चौकात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. एक टीप: श्रीमंत वस्तीतल्या शाखेत जा. ओस्टरमाल्मचे लोक जे टाकतात ते इतर वस्तीत सणाला घालतात. हौस असेल तर स्टॉकहोमहून रेल्वेने साधारण तासाभरावर एस्किल्स्टुना गावी रीटूना आहे, फक्त जुन्या आणि दुरुस्त केलेल्या वस्तूंचा मॉल, २०१५ साली उघडलेला. नगरपालिकेच्या कचरा-संकलन केंद्राला लागूनच आहे.

कोपनहेगनमध्ये रेडक्रॉसची दुकानं, आणि एक मजेशीर प्रकार: भाड्याच्या कपाटांची दुकानं. कोणीही आठवड्याभरासाठी एक रॅक भाड्याने घेतो, आपले कपडे आपल्याच किमतीला लावतो, दुकान कमिशन घेतं. मुलांच्या कपड्यांना यासारखी जागा नाही. उन्हाळ्यात शनिवारी नॉरेब्रोत आसिस्टन्स दफनभूमीच्या लांब भिंतीला लागून बाजार भरतो. भिंतीपलीकडे परीकथा लिहिणारा हान्स क्रिश्चन आंदरसन चिरनिद्रेत, अलीकडे बायका कोटाच्या बाहीवरून घासाघीस करतात.

आणि ऑस्लो. वसंतात आणि शरदात, शनिवार-रविवारी, शाळाशाळांत 'लोपेमार्केद' म्हणजे जुन्या वस्तूंचे बाजार भरतात. शाळेच्या बँडपथकासाठी पैसे उभे करायला पालक वस्तीभरातून सामान गोळा करतात. व्यायामशाळेत कपड्यांचे डोंगर. शनिवारी सकाळी दार उघडायच्या आत रांगेत उभे राहा म्हणजे नोरोनाचं जॅकेट किंवा हाती विणलेला नॉर्वेजियन स्वेटर मिळण्याची आशा. रविवारी दुपारी गेलात तर पिशवीभर कपडे एकाच ठोक किमतीला देतात, पण तोवर चांगलं संपलेलं असतं. हाती विणलेला स्वेटर उन्हासमोर धरून बघा, कसरीची भोकं लगेच दिसतात. घरी आणल्यावर पिशवीत बंद करून दोन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग कपाटात. शहरात तात्पुरता मुक्काम असेल तर ग्रुनरलोक्कातल्या बिर्केलुंदेन बागेतला रविवारचा बाजार आहेच, त्या दिवशी तसंही बाकी सगळं बंद.

घासाघीस फक्त अशा उघड्या बाजारातच. पक्क्या दुकानात "कमी करा ना" म्हणालात तर समोरचा गोंधळून किमतीची चिठ्ठी पुन्हा वाचून दाखवतो.

सेल कधी

दोन मोठे: नाताळानंतर आणि जूनअखेर. स्वीडनमध्ये २६ डिसेंबरला सुरू होणाऱ्या सेलला 'मेलनदाग्सरेआ' म्हणतात, नॉर्वे-डेन्मार्कमध्ये २७ला. पहिल्या दिवशी धक्काबुक्की करू नका. हिवाळी जॅकेटं जानेवारीच्या उत्तरार्धात अजून उतरतात, आणि तिकडची थंडी मार्चपर्यंत कुठे जात नाही. स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये किंमत उतरवल्याचं जाहीर करताना आधीच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत सांगणं दुकानाला बंधनकारक आहे. ती बारीक अक्षरात असते, तीच वाचा.

परत करायचं झालं तर

दुकानात जाऊन घेतलेला कपडा आवडला नाही म्हणून परत करण्याचा कायदेशीर हक्क नाही, ती दुकानाची मर्जी. बहुतेक मोठी दुकानं स्वीडनमध्ये 'ओपेट शोप' म्हणजे ठरावीक दिवसांत परत करायची मुभा देतात, पावतीवर दिवस लिहिलेले असतात. सेलच्या मालाला बहुधा नसतं, आधी विचारा. ऑनलाइन घेतलं तर १४ दिवसांत कारण न देता परत करता येतं. दोष निघाला तर गोष्ट वेगळी: तक्रारीची मुदत स्वीडनमध्ये तीन वर्षं, डेन्मार्कमध्ये दोन, नॉर्वेतही कपड्यांना सहसा दोन. माझ्या बुटाचा तळ चौदाव्या महिन्यात सुटला. पावती नव्हती, बँकेच्या खात्यातली नोंद दाखवली, नवे बूट मिळाले. आवाज चढवावा लागला नाही, तयारी मात्र करून गेले होते.

टॅक्स परत मिळवणं

तिन्ही देशांत कपड्यांवर २५ टक्के कर, छापील किमतीतच धरलेला. म्हणजे १,००० क्रोनांच्या कोटात २०० कराचे. ते पूर्ण मिळत नाहीत, मधली कंपनी कमिशन कापते आणि छोट्या पावतीवर जास्त कापते, म्हणून एकाच दुकानात एकदम घ्या. किमान खरेदी स्वीडनमध्ये २०० क्रोन, डेन्मार्कमध्ये ३००.

हा लाभ युरोपियन युनियनबाहेर राहणाऱ्यांना. शिकायला किंवा नोकरीला गेलेल्यांना नाही. आई-बाबा भेटीला आले असतील तर त्यांची खरेदी त्यांच्या पासपोर्टवर, त्यांच्यासमोर करा. फॉर्म घ्या. परत जाताना विमानतळावर सामान देण्यापूर्वी कस्टम्सकडे वस्तू, पावती, पासपोर्ट दाखवा. शिक्का युनियनमधून बाहेर पडण्याच्या शेवटच्या ठिकाणी लागतो. स्टॉकहोमहून दोहामार्गे मुंबई असेल तर स्टॉकहोमलाच. फ्रँकफर्टमार्गे असेल तर हातातल्या बॅगेतल्या वस्तूंचा फ्रँकफर्टला, आणि थेट मुंबईपर्यंत टॅग लावलेल्या बॅगेचा स्टॉकहोमला. यात गल्लत झाली की पैसे गेले.

नॉर्वे युनियनमध्ये नाही, तिथले नियम वेगळे: वस्तू देशाबाहेर जाईपर्यंत वापरायची नाही, महिन्याच्या आत बाहेर न्यायची आणि कस्टम्सऐवजी टॅक्स-फ्रीच्या काउंटरवर दाखवायची. ऑस्लोत घेतलेला स्वेटर दुसऱ्याच दिवशी फोटोसाठी चढवलात तर परताव्यावर पाणी सोडा.

परत निघताना

जाड जॅकेट पुण्याला आणून करायचं काय? माझ्या ओळखीच्या तीन घरांत माळ्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत पडलीयत, वर डांबराच्या गोळ्या. लोकरीचे शर्ट आणा, हिमालयात कामी येतात. बाकीचं तिथेच विका किंवा म्यूरूर्नाला द्या. कचऱ्यात टाकू नका, २०२५पासून युरोपियन युनियनच्या देशांत कापड वेगळं गोळा करण्याचा नियम आहे.

मी मात्र विकलं नाही. निघण्याच्या आठवड्यात निगडीची एक मुलगी मास्टर्सला आली होती, एक बॅग, त्यात पुण्याहून आणलेलं जाडजूड जॅकेट. तिला ते १५८ मापाचं दिलं. तिची उंची माझ्याइतकीच निघाली, बाह्यासुद्धा बरोबर मनगटावर. तिचं जॅकेट मी परत घेऊन आले, तिच्या आईकडे पोचतं करायला.